तार तुटेपर्यंत ताणू नका
भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की दोंडाईचात वस्ती पहाटे साडेचारलाच जागी होते. आई चहाचं आधण ठेवते, पोरं बूट बांधतात आणि अंधारातच शहाद्याच्या नाहीतर नंदुरबारच्या रस्त्याला लागतात. कोणी मोबाइलवर १६०० मीटरची वेळ लावतो, कोणी मोकळ्या जागेत गोळा फेकतो. आता मुलीही मागे नाहीत. ज्या घरातल्या आजोबांच्या वाट्याला गावकीची कामं आली, त्या घरातली नात खाकी वर्दीचं स्वप्न बघते. हे बघून आम्हाला आनंद होतो. म्हणून आधीच सांगतो, हा लेख "धावू नका" असं सांगण्यासाठी नाही. धावा, नक्की धावा. पण धावून घरी परत या, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आम्ही म्हणजे विहारात दर रविवारी तपासणीचं टेबल लावणाऱ्या चार-पाच जणी. एकीने नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं दवाखान्यात काढली, दोघी आशाताई आहेत, बाकीच्या बचत गटातल्या. बी.पी., शुगर, वजन, हिमोग्लोबिन बघायचं आणि गरज असेल त्याला पुढे पाठवायचं, एवढंच आमचं काम. त्या टेबलावर आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा आम्हाला हक्क नाही.

आमची चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. मिरचीच्या व्यापाऱ्याकडे हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा टेबलावर आला. वय चोवीस. राज्य राखीव पोलीस दलाचा फॉर्म भरलेला. म्हणाला, "ताई, मले काहीच व्हयनं नहीं, फक्त पाय धरायनात." पोटऱ्यांत गोळे येत होते. आम्ही त्याला ओआरएसची दोन पाकिटं दिली, दुखण्यावरची एक गोळी दिली आणि म्हणालो, "पाणी पीत जा." किती धावतोस, कधी धावतोस, काय खातोस, घरात कोणाला रक्ताचा आजार आहे का, यातलं काहीच विचारलं नाही. रांग मोठी होती, हे खरं. पण रांग मोठी असणं हे काही उत्तर नाही.

आठ दिवसांनी तो रस्त्यावर कोसळला. रात्रभर हमाली करून, न झोपता, सकाळी आठच्या उन्हात ५ किलोमीटर पूर्ण ताकदीने धावला होता. वजन उतरावं म्हणून अंगात प्लास्टिकचं जॅकेट. दवाखान्यात नेलं तेव्हा लघवी बिनदुधाच्या चहासारखी काळसर झाली होती. दवाखान्यात एवढी वर्षं काढलेल्यांना त्या रंगाचा अर्थ कळतो. अति ताणाने स्नायू फुटतात, त्यातला रंगद्रव्याचा भाग रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि मूत्रपिंड बंद पाडू शकतो. त्याला धुळ्याला पाठवलं. अनेक दिवस सलाईन लागलं. मूत्रपिंडं वाचली, मुलगा वाचला. तपासणीत कळलं की तो सिकलसेलचा वाहक आहे. घरात कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही आठ दिवस आधी चार प्रश्न विचारले असते तर कदाचित हे टळलं असतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही

जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत विक्रोळीला ५ किलोमीटर धावताना अनेक उमेदवार कोसळले आणि काही दिवसांच्या अंतराने किमान चार तरुण दगावले. त्यावर राज्यभर ओरड झाली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी धावण्याचं अंतर कमी केलं. आज जिल्हा पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. राखीव दलाला मात्र ५ किलोमीटर कायम आहे आणि मैदानी चाचणीच्या १०० पैकी ५० गुण त्यालाच आहेत. जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यात राखीव दलाच्याच भरतीत धावल्यानंतर आपल्या खान्देशातला एक तरुण गेला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावायला लावलं, तिथे दहाहून अधिक उमेदवारांचे जीव गेले आणि सरकारला भरती काही दिवस थांबवावी लागली.

ही मुलं कमजोर होती असं म्हणून विषय संपवू नका. महिनोन्‌महिने घाम गाळलेली मुलं होती ती. मग होतं काय?

शरीर तापतं कसं

धावताना स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करतात. ती बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं.

इथेच खान्देशच्या मुलांची फसगत होते. आपलं ऊन कडक, पारा ४३-४४ वर जातो, पण हवा कोरडी. घाम लगेच वाळतो. मुलाला वाटतं, "मी दोंडाईच्याच्या उन्हात धावलोय, मला मुंबईचं ऊन काय करणार?" जूनमध्ये मुंबई-ठाण्याला पारा ३२-३३ असतो, पण हवेत इतका दमटपणा असतो की घाम अंगावरून नुसता टपकतो, वाळत नाही. आतली उष्णता आतच राहते. शरीराला नव्या हवेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. आपला मुलगा मात्र रात्रीच्या गाडीने जनरल डब्यात उभ्याने जातो, फुटपाथवर नाहीतर पुलाखाली पडतो, वडापाव खातो, पहाटेपासून रांगेत उभा राहतो आणि मग पूर्ण ताकद लावून धावतो. न झोपलेलं, न जेवलेलं, पाणी कमी पडलेलं शरीर.

आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदू गडबडतो. मुलगा असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो, मग पडतो. हा उष्माघात. पुष्कळांना वाटतं की उष्माघातात अंग कोरडं पडतं. धावणाऱ्याच्या उष्माघातात अंग घामाने ओलंही असू शकतं. तेव्हा घामावर जाऊ नका, बोलण्यावर आणि चालीवर लक्ष द्या.

दुसरं कारण हृदय. काहींच्या हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड असतो किंवा ठोक्यांत दोष असतो आणि तो एरवी कळत नाही. ताप येऊन गेल्यावर हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. अशा वेळी जोरात धावलं तर ठोका बिघडू शकतो. म्हणून तापात धावायचं नाही, आणि ताप उतरल्यावरही थकवा पूर्ण जाईपर्यंत जोर लावायचा नाही. "सराव बुडेल" म्हणून तापात पळणाऱ्या मुलाला आईने बूट देऊ नयेत.

सिकलसेल: आपल्या घरात विचारायलाच हवं

सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांत सिकलसेल आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण विदर्भात आणि इतरत्र आपल्या बौद्ध समाजातही तो आहे, हे अजून मोकळेपणाने बोललं जात नाही. नातीगोती विदर्भापासून खान्देशापर्यंत पसरलेली आहेत. लाजायचं काही नाही. हा रक्ताच्या रचनेचा वारसा आहे, कोणाचा दोष नाही.

दोन प्रकार लक्षात ठेवा. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होतं. एकाकडूनच आला तर वाहक. वाहक माणूस रोजच्या जगण्यात पूर्ण निरोगी असतो, त्याला औषध लागत नाही, तो खेळू शकतो. पण पाणी कमी, ऊन जास्त आणि ताकद टोकाची, असं तिन्ही एकत्र आलं की त्याच्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन अडकू शकतात आणि स्नायू फुटू शकतात. अमेरिकेच्या सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांना स्नायू फुटण्याचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट दिसला, पण मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, कारण त्या सैन्यात पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम सगळ्यांनाच पाळावे लागतात. याचा अर्थ सरळ आहे. वाहक असणं हा अडथळा नाही. वाहक असून माहीत नसणं हा धोका आहे.

तपासणी सोपी आहे. बोटातून थेंबभर रक्त, सोल्युबिलिटी चाचणी, थोड्या वेळात निकाल. त्यात दोष दिसला तर पुढची चाचणी करून वाहक की रुग्ण ते ठरतं. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. भरतीचा फॉर्म भरायच्या आधी ही चाचणी करा. भरतीत धावायचं आधी असतं आणि वैद्यकीय तपासणी निवड झाल्यावर होते. म्हणजे जी माहिती धावण्याआधी हवी, ती आपली आपणच मिळवायची असते.

मुलींसाठी दोन शब्द

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या रांगेतली दर दुसरी मुलगी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त पुरेसा प्राणवायू नेत नाही आणि हृदयाला जास्त धावावं लागतं. आमच्याकडे ८ हिमोग्लोबिन असलेली एक मुलगी आली. तिची तक्रार काय, तर "टायमिंग येत नाही." तिला कोणी आळशी म्हणालं, कोणी मोबाइलला दोष दिला. तीन महिने लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या, सोबत डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, लिंबू, आणि तिचं ८०० मीटर आपोआप सुधारलं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही.

आणखी एक. सराव सुरू केल्यावर पाळी लागोपाठ तीन महिने आली नाही तर "बरं झालं, कटकट गेली" असं म्हणू नका. सरावाच्या मानाने खाणं कमी पडतंय, हा शरीराचा निरोप आहे. अशा मुलींची हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक तडा जातो. भावाला दोन भाकरी आणि बहिणीला एक, ही पंगत धावणाऱ्या मुलीच्या घरात तरी बंद झाली पाहिजे. महाग पावडरीची गरज नाही. कळण्याची भाकरी, उडदाची किंवा मठाची डाळ, अंडी, शेंगदाणे-गूळ आणि आपल्या खान्देशची केळी, एवढ्यावर चांगला खेळाडू उभा राहतो.

गोळी आणि सुई

ग्राउंडच्या आधी दुखण्याची गोळी घेऊन पळायची सवय वाढली आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणं दाबतात, पण पाणी कमी असलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर घाव घालतात. दुखणं म्हणजे शरीराची शिट्टी. शिट्टी बंद केली म्हणून समोरची गाडी थांबत नाही. आम्ही स्वतः त्या मुलाला अशीच एक गोळी दिली होती, हे विसरत नाही. आणि "ताकदीचं इंजेक्शन" कोणी देऊ केलं तर तिथून उठून या. ही औषधं हृदय, यकृत आणि पुढचं मूल होण्याची क्षमता, तिन्हीवर जातात. पकडलं गेलं तर उमेदवारीही जाते.

कधी थांबायचं

धावताना छातीत दुखलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधार आला, छाती विनाकारण धडधडली, किंवा घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक दगावलं असेल, तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढेपर्यंत धावणं बंद. लघवी चहासारखी काळसर दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. नडगीवर एका बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर हाडाला तडा असू शकतो, विश्रांती हवीच.

सराव हळू वाढवा. आठवड्याला दहावा हिस्सा वाढवला तरी पुरे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत धावणं संपवा. प्लास्टिकचं जॅकेट फेकून द्या, त्यात चरबी जात नाही, फक्त पाणी जातं. तहान लागेल तसं पाणी प्या, पण एका दमात तीन-चार लिटर साधं पाणी ढोसू नका, त्याने रक्तातलं मीठ पातळ होऊन झटके येतात. लांबच्या सरावानंतर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट. नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बाहेरगावी ग्राउंड असेल तर निदान एक दिवस आधी पोहोचा. त्या गावात आपलं कोणी नातेवाईक नसेल, पण विहार असतो. आधी फोन करून विचारा.

सोबतचा कोसळला आणि उष्माघात वाटला तर आधी थंड करा, मग हलवा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल किंवा नुसते आचके देत असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे दोन इंच खोल दाबत राहा, गाडी येईपर्यंत थांबू नका. हे आम्ही विहारात कोणालाही शिकवायला तयार आहोत. अर्धा तास लागतो.

थांबणं म्हणजे हरणं नव्हे

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि मग धावायला लागला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला, गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. देशातला सगळ्यात चिवट धावपटूही फाटलेल्या गुडघ्यावर पळत नाही. मग आपल्या मुलाने सुजलेल्या नडगीवर का पळावं?

आमच्या त्या मुलाला डॉक्टरांनी टोकाची लांब धाव बंद करायला सांगितली. ५ किलोमीटर हीच त्याची ताकद होती, ५० गुण त्यातच होते. तो आमच्यावर चिडला. "तुम्हाला काय जातं सांगायला," म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. बापाची पाठ वाकलेली, वय वाढत चाललेलं. शेवटी त्याची आई म्हणाली, "नोकरी नहीं मियनी तरी चाली, पोऱ्या जगना पाहिजे." त्याने राखीव दलाचं ग्राउंड सोडलं. पुढच्या भरतीत जिल्ह्याचा फॉर्म भरला, वर्षभर हळूहळू १६०० मीटर बसवलं, पाण्याची बाटली कधी सोडली नाही. ग्राउंड निघालं, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला. आता दिवसा काम करतो आणि संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत बसतो. मागासवर्गीयांना तेहतीस वर्षांपर्यंत संधी आहे. त्याला नोकरी लागेल की नाही, हे आज सांगता येणार नाही. तो आहे, एवढं सांगता येतं.

सोणाची चप्पल

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपल्याला माहीत असते. श्रीमंत घरात वाढलेला, तळवे कोवळे. संघात आल्यावर त्याने इतकी चक्रमण-साधना केली की पाय फुटून वाट रक्ताने माखली. एवढं करून काही साधत नाही म्हणून तो सोडून जायच्या विचारात होता. तथागतांनी त्याला वीणेचं विचारलं. तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? सोणाला उमजलं. ही गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी येतो.

पण पुढचा भाग कमी सांगितला जातो. तथागत नुसतं "ताण कमी कर" म्हणून थांबले नाहीत. त्यांनी सोणाला एका तळाची पादत्राणं घालायची मोकळीक दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्या संघाला असेल तर मीही घालेन. आणि ती मोकळीक सगळ्यांना मिळाली.

आम्हाला यात दोन्ही कामं दिसतात. मर्यादा ओळखणं हे ज्याचं त्याचं काम. पण भरतीच्या मैदानावर सावली, पाणी, रुग्णवाहिका, रात्री टेकायला जागा आणि धावण्याआधी साधी तपासणी, ही मागणी एकट्या मुलाची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. २०१४ मध्ये लोक बोलले म्हणून अंतर कमी झालं. तेव्हा पुढची भरती निघायच्या आत प्रत्येक वस्तीतून एक निवेदन जाऊ द्या आणि प्रत्येक घरातून एक मूल तपासणीला येऊ द्या.

रविवारी सकाळी आमचं टेबल विहारात असतं. रांग कितीही मोठी असली तरी ते चार प्रश्न आता आम्ही विचारल्याशिवाय राहत नाही.

जय भीम!